पाहुणे वाजवतात म्हणे

४ जानेवारी

आज गोपालने सरळच विचारलं, लोकांसमोर वाजवशील का.

गोपाल म्हणजे जळगावचा दातांचा डॉक्टर. तीन वर्षांपूर्वी त्याच्याकडे दाढ काढायला गेलो होतो. त्याच्या दवाखान्यात एक विचित्र संगीत चालू होतं, कोणीतरी माउथ ऑर्गनमधून रडत होतं. तोंडात कापूस असतानाच मी खुणेने विचारलं, हे काय आहे? तो म्हणाला, ब्लूज. दाढ गेली आणि हे लागलं. आता रविवारी त्याच्या दवाखान्यात तो गिटार घेतो, मी हार्मोनिका, म्हणजे तोच माउथ ऑर्गन. आम्हा दोघांशिवाय ते फक्त त्याच्या कंपाउंडरने ऐकलंय, आणि तो बिचारा काही बोलत नाही.

"बावीस फेब्रुवारीला रविवार आहे," गोपाल म्हणाला. "छोटं सभागृह घेतोय. पहिली दोन गाणी मी एकटा, मग तू. हो म्हण."

मी म्हणालो, घरी विचारून सांगतो.

"बेचाळीस वर्षांचा आहेस तू."

"पण घर माझं नाही ना."

ते खरंच आहे. मी धुळ्याचा, जळगावजवळ असोद्याला घरजावई आहे. सासऱ्यांना, म्हणजे आबांना, सुलक्षणा एकुलती एक. केळीचे बाग, ठिबक आणि खताचं दुकान, सगळं कोणीतरी बघायला हवं होतं. माझे वडील लवकर गेले होते, माझ्या हातात काही धड काम नव्हतं. चौदा वर्षं झाली. आबा मला 'पाहुणे' म्हणतात, सासूबाई 'पाव्हने', दुकानातली गिऱ्हाइकं 'जावईबापू'. ताट आधी माझं वाढतात. पाण्याचा तांब्या हातात देतात. एकदा मी माझा चहाचा कप विसळून ठेवला, तर सासूबाई दोन दिवस सगळ्यांना विचारत होत्या की आमचं काही चुकलं का. आम्हाला मूल नाही, त्यावरूनसुद्धा या घरात मला कोणी एक शब्द ऐकवलेला नाही. सुलक्षणाला ऐकवला असेल.

असल्या घरात बाजा वाजवायचा म्हणजे पाहुण्याने पाहुणचार सोडून अंगणात नाचायचं. मी खताच्या गोदामात वाजवतो. पोत्यांमध्ये आवाज जिरतो.

११ जानेवारी

मळ्यात भरीत पार्टी होती. तुराट्यांच्या जाळावर वांगी भाजली, कळण्याच्या पुऱ्या, मिरचीचा ठेचा, शंभर माणूस. मला बाजेवर बसवलं आणि कोणी उठू दिलं नाही. वांगं सोलायला हात पुढे केला तर आबांचा पुतण्या निंबा ओरडला, "ओ पाव्हने, राहू द्या, हात भाजतीन!"

जेवणं झाल्यावर तोच म्हणाला, "पाव्हने बाजा वाजवतात म्हने. ठिबकवाला पोऱ्या सांगत होता, गोदामातून आवाज येतो."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आबासुद्धा. मी म्हणालो, "कुठे हो, लहानपणी वाजवायचो. आता गेलं सगळं."

हार्मोनिका खिशातच होती. चुलीपाशी पुऱ्या लाटणाऱ्या सुलक्षणाने मान वर केली, माझ्याकडे पाहिलं आणि परत लाटायला लागली. धूर डोळ्यांत जात असावा. तिला मी नंतर म्हणालो, तू जाऊन बस ना सावलीत. ती म्हणाली, मग लाटणार कोण?

१८ जानेवारी

धुळ्याहून बहिणीचा, रोशनीचा फोन. तिला सांगायला नको होतं, पण सांगितलं. ती आमच्या बोलीत सुरू झाली की थांबत नाही.

"दादा, तू कोनले भ्यास रे? तुना सासरा काय वाघ शे का? बठ्ठा तुले पाव्हना पाव्हना करतस नि तूच पयी ऱ्हायना!"

"पळत नाही मी, तुला नाही कळायचं," मी म्हणालो.

"मंग कोनले कयनार? तू कोनले सांगस तरी का काही?"

फोन ठेवला. तिला सासर गावातच मिळालं, तिचं बरं आहे.

मी कशाला घाबरतो, त्याचा आज नीट विचार केला. आबा नाही म्हणतील, ही एक भीती. ते हो म्हणतील आणि वर त्यांच्या मनातून मी उतरेन, ही दुसरी. तिसरी भीती वाजवण्याचीच आहे. ब्लूज म्हणजे अमेरिकेत कापसाच्या शेतांत राबलेल्या काळ्या मजुरांचं गाणं. कापूस म्हटल्यावर मला ते परकं वाटलंच नाही. एक ओळ म्हणायची, तीच परत म्हणायची, मग तिला उत्तर द्यायचं. हार्मोनिकावर ते फुंकून येत नाही, श्वास आत ओढावा लागतो. ओढता ओढता जीभ मागे घेतली की सूर वाकतो आणि खाली येतो. तो सूर वाकला की माझ्या चेहऱ्याचं काय होतं मला माहीत नाही. गोपाल म्हणतो डोळे मिटतात आणि तोंड रडवेलं होतं. तसलं तोंड घेऊन शंभर माणसांसमोर उभं राहायचं?

५ फेब्रुवारी

काय लिहू? अजून हसू येतंय.

जामनेरला आबांच्या मावसभावाकडे लग्न होतं. अख्खं घर सकाळीच गेलं. खताची गाडी यायची आहे असं सांगून मी राहिलो. लग्नात मला टॉवेल-टोपी देऊन बसवून ठेवतात. माझ्या कपाटात न वापरलेल्या टोप्यांचा एक कप्पा आहे. निघताना सुलक्षणाने विचारलं, खरंच येत नाही? मी म्हणालो, चावी खिळ्यावर ठेव.

ती गेली आणि मला चौदा वर्षांत पहिल्यांदा हे घर रिकामं मिळालं. दाराला आतून कडी लावली. फोन बैठकीतच राहिला. मधल्या खोलीत वर पत्रा आहे, तिथे उभा राहिलो आणि पोटातून श्वास ओढून वाजवलं. गोदामात पोती आवाज खातात, इथे तो फिरून परत येत होता. मी एक ओळ वाजवावी, थांबावं, की पलीकडून काहीतरी तसंच लांबट उत्तर यावं. पत्र्याचा घुमारा असेल असं वाटलं. मी आणखी खाली वाकवला सूर, उत्तरही आणखी खालून आलं. इतकं चांगलं मी जन्मात वाजवलं नव्हतं. डोळ्यांतून पाणी येत होतं.

मग दम घ्यायला थांबलो, तरी घुमारा थांबेना.

दाराशी जाऊन कान लावला. बाहेर बाया रडत होत्या. साध्या नाही, सूर लावून, आमच्याकडे मयताच्या दारावर रडतात तशा. त्यात शेजारच्या ताईबाईंचा आवाज मी ओळखला. ऐंशीच्या पुढच्या आहेत, पण गावात कुठेही दुःख झालं की पहिला सूर त्यांचा.

"बाई व बाई, कसा देवमानूस पाव्हना! कधी मान वर करून पाह्यलं नाही व माय! वाढलं ते खाल्लं, दिलं ते नेसलं! चौदा वरसं शेजारी राह्यला, कधी आवाज नाही आयकला त्याचा व बाई!"

मला कळायला जरा वेळ लागला. ताईबाईंनी घरातून येणारं रडणं ऐकलं होतं. असं ऐकलं की कोणी आधी विचारायला जात नाही. पदर तोंडावर घ्यायचा, जाऊन बसायचं आणि रडायला लागायचं, विचारपूस मागाहून. घरात फक्त मी होतो हे सगळ्या गल्लीला ठाऊक. म्हणजे गेलो तो मीच. मग आत कोण रडतंय? तर धुळ्याची बहीण आली असेल, असं त्यांनी आपसात ठरवून टाकलं होतं.

मी लगेच दार उघडायला हवं होतं. पण उघडलं नाही, थोडा वेळ ऐकत राहिलो. खरं सांगायचं तर बरं वाटलं. आपल्यामागे लोक इतकं चांगलं बोलतील असं कधी वाटलं नव्हतं.

दार उघडलं तेव्हा ताईबाई किंचाळून मागे पडल्या. अंगणात पंधरा-वीस बाया, ओट्यावर खांद्यावर रुमाल टाकलेले पुरुष. भिंतीला हिरवे बांबू टेकवलेले. गोवऱ्या आणायला ट्रॅक्टर गेला होता. निंबा माझ्या दंडाला हात लावून बघत राहिला आणि मग डोक्यावर हात मारून म्हणाला, "आता जामनेरले काय सांगू?"

त्याने आबांना फोन केला होता. मेला असं फोनवर कोणी सांगत नाही. तो एवढंच म्हणाला होता, "पाव्हन्यांची तब्येत जरा जास्त हाये. जेवनाचं राहू द्या, निघा." ते ऐकून काय समजायचं ते सगळे समजतात. मी जिवंत आहे हे सांगायला त्याने परत फोन लावला, तर कोणी उचलेना. उचलला असता तरी खरं कोणी मानलं नसतं.

गाडी आली. सुलक्षणाला दोन काकूंनी मधे धरलेलं होतं. पायात चप्पल नाही, केस सुटलेले, सकाळचा गजरा कुठे पडला कोण जाणे. मी ओट्यावर चहाचा कप घेऊन उभा होतो. ती माझ्यासमोर आली, माझ्याकडे पाहिलं, माझ्या हातातला कप घेतला आणि खाली ठेवला. मग आत गेली आणि दार लावून घेतलं.

आबा मोरीकडे गेले. हात-पाय धुतले आणि बाजेवर पडून राहिले.

७ फेब्रुवारी

गावात दुसरा विषय नाही. दुकानात माणसं खत घ्यायला येतात आणि मला हात लावून जातात. जिवंतपणी रडणं झालं की आयुष्य वाढतं म्हणे. ते बांबू निंबाने केळीच्या घडांना टेकू म्हणून लावून टाकले.

सुलक्षणा बोलत नाही. जेवायला वाढते, विचारलं तर उत्तर देते. रागावण्यासारखं मी काय केलं, तेच मला समजत नाही. मी कोणाला बोलावलं नव्हतं. मी तर माझ्या घरात, म्हणजे त्यांच्या घरात, दार लावून उभा होतो.

गोपालला कळवणार आहे की जमत नाही. आता तर कारणही भक्कम आहे.

१० फेब्रुवारी

आबा माझ्याशी थेट बोलत नाहीत, मानामुळे. जे असेल ते सासूबाईंकडून येतं. आज त्या ताट वाढताना म्हणाल्या, "पाव्हने, ते विचारू रायले, त्या जळगावच्या हॉलात किती मानसं मावता?"

म्हणजे आबांना कार्यक्रमाचं कळलं. कोणी सांगितलं? मी म्हणालो, "आई, ते रद्द करतोय मी."

त्या वाढायच्या थांबल्या. "कामून?"

"आबांना आवडणार नाही ना."

"ते तर विचारू रायले, किती मावता," एवढंच बोलून त्या आत गेल्या. आबांच्या शब्दांमागे काय असतं ते मला चौदा वर्षांत कळलेलं आहे. किती माणसांसमोर माझी शोभा करणार, असंच त्यांना विचारायचं असणार.

१५ फेब्रुवारी

आज सुलक्षणा बोलली. दुपारी दुकानात डबा घेऊन स्वतः आली. गिऱ्हाईक नव्हतं. डबा ठेवून खताच्या पोत्यावर बसली.

"त्या दिवशी गाडीत बसता बसता काकूंनी माझ्या केसांतला गजरा काढून घेतला," ती म्हणाली. "बोलल्या काही नाहीत. मीही विचारलं नाही. मग नेरी गाव येईपर्यंत मी आठवत होते, की तुम्ही शेवटचं मला काय बोललात."

"काय बोललो होतो?"

"चावी खिळ्यावर ठेव."

मी हसलो. ती हसली नाही.

"मग मी त्याच्या आधीचं आठवायला लागले. त्याच्या आधीचं, त्याच्याही आधीचं. काकू रडत होत्या आणि मला रडू येईना. मला तुमचा आवाजच आठवेना. चौदा वर्षांतलं काहीच. म्हटलं, मी रडू तरी काय बोलून?"

मी म्हणालो, घाबरलीस म्हणून तसं झालं असेल.

"बावीस तारखेला वाजवा," ती म्हणाली. "रोशनीकडून कळलं मला, आबांना मी सांगितलंय. ते येणार आहेत, आई येणार आहे. मला ऐकायचंय तुम्हाला."

"तुला ऐकायचं तर घरी वाजवतो ना कधीतरी."

"घरी नको. घरी तुम्ही पाहुणे असता."

हे मला पटलं नाही, पण मी मान डोलावली. ती किती तरी वेळ बसून राहिली. मग डब्यातली भाजी गार होतेय म्हणून मी जेवायला घेतलं.

१९ फेब्रुवारी

गोपालला नाही म्हणायला गेलो आणि तालीम करून आलो. बरी झाली. त्याला बांबूचं सगळं सांगितलं, तो खुर्चीवरून पडायचा राहिला. म्हणाला, "अरे वेड्या, तुझं वाजवणं ऐकून लोकांनी अंगणात येऊन साथ दिली. आम्हाला जन्मभर वाजवून ते मिळत नाही."

येताना ओठ चुरचुरत होता. आरशात पाहिलं तर बारीक चीर आहे. थंडीने पडली असेल. चीर चांगली मोठी झाली तर कोणालाच काही म्हणता येणार नाही. असं मनात आलं, आणि मनात आलं ते इथे लिहायचं असं मी ठरवलेलं आहे, म्हणून लिहिलं.

२१ फेब्रुवारी

सासूबाईंनी ओठाला लावायला साजूक तूप आणून दिलं. चीर भरून आली.

आबांनी गाडी धुवून घेतली आहे. पांढरा शर्ट इस्त्रीला टाकला आहे. निंबा दोन जीपा भरून माणसं आणणार होता, तर आबांनी त्याला दटावलं, "घरचेच जाऊ. त्यांले दडपन येईन." हे मी माझ्या कानांनी ऐकलं. ताईबाईसुद्धा ओट्यावरून म्हणाल्या, जा बापा, वाजव.

म्हणजे आता मला कोणीच अडवत नाही. चौदा वर्षं मला वाटायचं की दार बाहेरून लावलेलं आहे. आज सगळे मिळून ते उघडून उभे आहेत, आणि मी आतून कडी शोधतोय. आबांनी एकदा तरी नाही म्हणायला हवं होतं. मी खरंच त्यांच्यावर चिडलो आहे.

२३ फेब्रुवारी

काल जे झालं ते लिहून टाकतो.

सभागृह भरलं होतं. गोपाल म्हणाला, विंगेत उभा राहिलास तर गार पडशील, समोर बस, तिसरं गाणं आलं की बोलावतो. मी तिसऱ्या रांगेत बसलो. डावीकडे आबा, त्यांच्या पलीकडे सासूबाई, उजवीकडे सुलक्षणा. तिने लग्नातला शालू नेसला होता. एवढी कशाला नटलीस, असं मी विचारलं होतं. तिने पदर सारखा केला होता.

गोपालने दोन गाणी छान वाजवली. मग माईकपाशी येऊन म्हणाला, "आता माझा मित्र ललित."

हार्मोनिका माझ्या हातात होती. धरून धरून ती गरम झाली होती. उठायचं होतं, एवढंच करायचं होतं. समोर तीन पायऱ्या होत्या.

"ललित?" गोपालच्या डोळ्यांवर दिवे होते, त्याला खालचं काही दिसत नव्हतं. त्याने डोळ्यांवर हात धरला. "ललित आहे ना रे?"

लोक माना वळवून बघायला लागले. पुढचे मागे बघत होते, मागचे दाराकडे. मग मीही दाराकडे पाहिलं. का पाहिलं ते मला सांगता येणार नाही. सगळे पाहत होते म्हणून पाहिलं. त्यांच्यासारखाच मीही वाट बघत होतो, कोण येतंय ते.

आबा समोर बघत होते. त्यांनी मान हलवली नाही.

सुलक्षणा उभी राहिली. मला वाटलं ती मला उठवणार. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. उभी राहून स्पष्ट आवाजात म्हणाली, "ते नाही आले."

चार माणसांत मी तिचा आवाज पहिल्यांदा ऐकला. चांगला मोठा आहे. गोपालने डोळ्यांवरचा हात खाली घेतला. मग "बरं" म्हणाला आणि एकटाच पुढचं गाणं सुरू केलं. सुलक्षणा खाली बसली. तिची पर्स मांडीवर होती, ती तिने आमच्या दोघांच्या मधे ठेवली.

परत येताना आबांनी वाटेत रसवंतीपाशी गाडी थांबवली. पहिला ग्लास माझ्या हातात दिला. "घ्या पाहुणे." मी घेतला. कोणी काही बोललं नाही, आणि मला त्या सगळ्यांचे उपकार वाटले. इतकी चांगली माणसं आहेत.

घरी आल्यावर सुलक्षणा शालूची घडी घालत होती. मी तिला म्हणालो, "बरं झालं, तू वेळेवर खोटं बोललीस. सांभाळून घेतलंस मला."

तिने घडी पुरी केली, कपाटात ठेवली आणि कपाट लावलं.

"मी खोटं नाही बोलले," ती म्हणाली.

पण मी तर तिच्या शेजारीच बसलो होतो. आज ती सकाळपासून मळ्यात गेली आहे, डबा निंबाने आणून दिला. दुपारी खताची गाडी येणार आहे, आता उतरवून घ्यायला माणसं बघायला हवीत.